गाणं संपेस्तवर

"मी नाही येत. तू आईला घेऊन जा," असं ऋजुता म्हणाली, तेव्हा मी गाडीच्या डिकीत तंबूची पिशवी कोंबत होतो.

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"कुणाला?"

"आईला. माझं तिकीट वाया कशाला घालवायचं? ऑफिसात अचानक काम निघालंय. रविवारपर्यंत मान वर करता यायची नाही मला. तिकिटावरचं नाव बदलून घेतलंय मी."

मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत माझ्या सासूबाई उभ्या होत्या. पंजाबी ड्रेस, त्यावर ऋजुताचा पिवळा रेनकोट, पायात पांढरेशुभ्र नवे बूट. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. मला फक्त आता सांगण्यात येत होतं.

आम्ही तेव्हा म्युनिकजवळच्या एका गावात राहत होतो. सासूबाई दोन महिन्यांसाठी कोल्हापूरहून आल्या होत्या. लीला घाटगे त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मला त्या 'जावईबापू' म्हणत आणि अहोजाहो करत. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आम्ही दोघं एका खोलीत एकटे असलो की दोघांपैकी एकाला हमखास पाणी प्यायची आठवण व्हायची. आणि आता या बाईंना घेऊन मी तीन दिवस तंबूत राहायचं, तेही परदेशातल्या नाचगाण्याच्या उत्सवात!

"अगं, तिथं कसं जमेल त्यांना?" मी कुजबुजलो.

"तू सगळ्यांना शिकवत असतोस ना, कसं जायचं, काय न्यायचं? तिलाही शिकव," ऋजुता म्हणाली. मग डिकी तिनंच लावली. लावल्यावर तिचा हात त्या पत्र्यावर जरा जास्तच वेळ राहिला. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी नुसताच वैतागलो होतो.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या उत्सवाला मी आठ-नऊ वर्षं जात होतो. पुण्या-मुंबईची ओळखीची, बिनओळखीची पोरं मला फोन करून विचारत, दादा, काय काय घेऊ, कुठं झोपू, काय टाळू? आल्प्सच्या पलीकडे, स्लोव्हेनियातल्या एका दरीत, दोन नद्या जिथं मिळतात तिथल्या कुरणांवर दर जुलैत तो भरतो. लहानमोठी पाच स्टेज, जगभरातून आलेले गाणारे-वाजवणारे, आणि हजारो माणसं. ऋजुता मला तिथंच भेटली. नदीत पाय बुडवून मी बसलो होतो आणि मागून कुणीतरी पाण्यात पाऊल टाकून अस्सल मराठीत किंचाळलं, "अगं आई गं!" तेव्हापासून आम्ही एकही वर्ष चुकवलं नव्हतं. या वर्षी पहिल्यांदाच ती नव्हती, आणि तिची आई होती.

गाव मागे पडल्यावर मी माझी शिकवणी सुरू केली. काहीतरी बोलणं भागच होतं.

"आई, बूट नवे आहेत. तिथं दिवसभर चालायचं असतं. पायाला चावतील."

"पिशवीत जुन्या चपला आहेत. तीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेय, पायाचं मला नका सांगू."

"बरं. मोठ्या स्टेजजवळ गेलात की हे बोळे कानात घालायचे. नाहीतर आठवडाभर कान वाजतात. पाण्याची बाटली कायम बरोबर. कुणी प्रेमानं पेला पुढं केला तरी घ्यायचा नाही."

"आणि संडास?"

"आहेत. सकाळी लवकर गेलेलं बरं."

"ते जगात सगळीकडं तसंच."

मी हसलो. त्याही हसल्या असाव्यात, मान खिडकीकडे होती त्यामुळे दिसलं नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मी म्हटलं, "चुकामूक झाली तर फोनवर विसंबायचं नाही. डोंगर आहेत, गर्दी असते, फोन लागत नाही. झुलत्या पुलापाशी एक लाल खांब आहे. हरवलं की जो तो तिथं येऊन उभा राहतो."

"म्हणजे हरवायचंही ठरवून." त्या म्हणाल्या. "अजून काय?"

"सगळंच ऐकायचा हव्यास धरायचा नाही. एक जागा धरावी, बसून राहावं. जे आवडेल ते आपल्यापाशी येतं."

"हे बाकी चांगलं सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि मग बोगदा सुरू झाला.

एकामागून एक बोगदे. अंधारातून बाहेर पडलं की दर वेळी नवी दरी, नवं ऊन, उतारावर चरणाऱ्या गाई, आणि पुन्हा अंधार. सासूबाई प्रत्येक दरीत "आता गं बया" म्हणायच्या आणि प्रत्येक बोगद्यात डोळे मिटून घ्यायच्या. एका बोगद्यात मी सहज वळून पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, बोगद्याची भीती वाटत असेल.

फाटकाशी एका मुलीनं आमच्या मनगटांना निळे कापडी पट्टे बांधले. सासूबाईंनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "दवाखान्यात बाळ जन्मलं की अस्साच पट्टा बांधतो आम्ही." म्हणून झाल्यावर त्यांनी ते मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरलं. मुलीला वाटलं पट्टा घट्ट झाला, तिनं तो सैल करून दिला.

तंबू ठोकून झाल्यावर मी त्यांना संगमावर नेलं. तिथलं पाणी ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगणं अवघड आहे. डावीकडून येणारी नदी निळी आणि हिरवी, दोन्ही रंग एकाच वेळी, आणि तळातला गोटा न् गोटा मोजून घ्यावा इतकी निवळ. उजवीकडची जरा दुधाळ. दोघी भेटतात तरी लगेच मिसळत नाहीत. बरंच अंतर एकमेकींना खेटून, आपापला रंग सांभाळून वाहतात. पाण्यावर उन्हाची जाळी हलत होती, आणि कुठल्या तरी स्टेजवर कुणीतरी वाद्य जुळवून बघत होतं, त्याचा एकेक सुटा सूर पाण्यावरून तरंगत यायचा.

"आपली वाडीच की ही," सासूबाई म्हणाल्या. "नरसोबाची. तितं पंचगंगा, कृष्णा. हितं या दोघी." त्यांनी चपला काढल्या, वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि पाऊल आत टाकलं.

"अगं आई गं!"

मी दचकलो. तोच आवाज, तीच ओढ. त्यांना कळलं. "हितंच का? तुम्ही दोघं भेटला होता ते?"

"हाच दगड," मी म्हटलं. "मी या दगडावर बसलो होतो."

"मग? तिनं हाक मारली आईला, आणि तुम्ही काय केलंत?"

"टॉवेल दिला."

त्या बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिल्या. मी त्यांचा फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही कापलेल्या गवताच्या कुरणावर बसलो. तिथं जुलैत उजेड सरता सरत नाही. सूर्य डोंगरामागे जातो, तरी आकाश नऊ वाजून गेल्यावरही पांढरं राहतं. स्टेजवर चार बायका उभ्या होत्या, वाद्य एकही नाही, नुसते गळे. एकीचा सूर संपायच्या आत दुसरी तो उचलायची, जसं विहिरीवर भरलेली घागर हातोहात पुढं जाते. भाषा आम्हाला दोघांनाही कळत नव्हती. सासूबाईंनी कानातले बोळे काढून पदराच्या सवयीनं ओढणीच्या टोकाला बांधले आणि मांडी घालून बसल्या. भोवती वेगवेगळ्या देशांची पोरं गवतात पसरली होती. कुणाचं डोकं कुणाच्या पोटावर. गवताचा ओला वास, दूर कुठं तरी घंटा. मला वाटलं, ऋजुता इथं असती तर आता माझ्या खांद्याला डोकं टेकून असती. आणि मग लक्षात आलं की गेल्या वर्षी ती इथं असूनही तसं झालं नव्हतं. गेल्या वर्षी ती गवतात पालथी पडून एकेक काडी उपटत होती. मी तिला हसवायचा प्रयत्न करत होतो.

तो विचार मी फार लांबवला नाही. गाणं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर आलो तर दरीत धुकं भरलं होतं. शेकडो तंबूंचे नुसते शेंडे दिसत होते, पाण्यात उलट्या पडलेल्या होड्यांसारखे. सासूबाईंनी माझ्या छोट्या स्टोव्हवर चहा ठेवला होता. आलं त्यांनी कोल्हापूरहून आणलेलं, वाळवून, पुडीत.

"जावईबापू, एक बोलायचं होतं."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, मी ओळखलं.

"आई, मुलाबाळाचं असेल तर नको," मी म्हटलं. शक्य तितक्या हसऱ्या तोंडानं म्हटलं. "इथं सुट्टीला आलोय आपण. चहा एक नंबर झालाय."

त्याच्या दोन हिवाळे आधी आमचं मूल गेलं होतं. पाचवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. ऋजुता घरी आली आणि खिडकीशी बसून राहिली, आणि मी त्याच आठवड्यात पुढच्या उत्सवाची तिकिटं काढली. तिला बरं वाटावं म्हणून. नंतर स्पेनला नेलं, तिच्या वाढदिवसाला घर फुग्यांनी भरलं. मला वाटे, माणूस हसला की अर्धं बरं झालं. सासूबाईंना त्या वेळी यायला जमलं नव्हतं, व्हिसा मिळाला नाही. त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोलत नसे आणि मला ते ठीक वाटत असे.

सासूबाईंनी चहा गाळला, माझा कप माझ्यापुढं सरकवला. "राहिलं," म्हणाल्या.

तो दिवस मला अजूनही एखाद्या स्वप्नासारखा आठवतो, सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. सासूबाई एका ढोलवाल्यांच्या घोळक्यासमोर उभ्या, हातानं मांडीवर ताल धरलेला. एकाच कागदी ताटलीत आम्ही दोघांनी खाल्लेले बटाटे आणि चीज, आणि त्यांनी पर्समधून काढलेली लसणाची चटणी. "जावयाबरोबर एका ताटात जेवले असं कोल्हापुरात कळलं तर हसतील," त्या म्हणाल्या. लाकडी झोपाळ्यावर बसून त्यांनी घेतलेले झोके. पिवळा रेनकोट वाऱ्यानं फुगलेला, मागे हिरवा डोंगर. मला वाटलं, ही बाई मला आवडते. पाच वर्षांत हे कळलं कसं नाही? घरी गेल्यावर ऋजुताला सांगायचं मी ठरवलं.

दुपारी नदीकाठच्या झाडांखाली पडल्या पडल्या मला झोप लागली. पानांतून येणारं ऊन पापण्यांवर हलत होतं, कुठं तरी खालच्या सुरात एकच घुमणारा ठेका चालू होता, तो जमिनीतून पाठीत येत होता. जाग आली तेव्हा ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं होतं. शेजारी त्यांची पर्स होती. त्या नव्हत्या.

आधी वाटलं, संडासला गेल्या असतील. थांबलो. मग तंबूपाशी गेलो, मग लाल खांबापाशी. तिथं सात-आठ माणसं आपापल्या माणसांची वाट बघत उभी होती. पिवळा रेनकोट नव्हता. ढोलवाल्यांकडे गेलो, झोपाळ्यापाशी गेलो. फोन लागायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा फोन माझ्या हातातल्या पर्समध्येच होता. मग माझे पाय आपोआप नदीकडे वळले आणि मी काठाकाठानं, पाण्याकडे बघत चालायला लागलो. तेव्हा काय काय मनात आलं ते सांगत नाही. त्या निवळ पाण्याचा मला प्रथमच राग आला.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं नाव लिहून घेतलं आणि लाउडस्पीकरवर पुकारलं. 'लीला घाटगे, कोल्हापूर.' त्यानं ते इतकं वाकडंतिकडं उच्चारलं की मी रडायच्या बेताला आलो. थोड्या वेळानं मी त्याला पुन्हा पुकारायला लावलं. दोन्ही वेळा दरीतून त्या नावाचा प्रतिध्वनी आला. कुणी आलं नाही.

झुलता पूल ओलांडून पलीकडे एक लहानसं कुरण आहे. तिकडं फारसं कुणी जात नाही. तिथलं स्टेज म्हणजे नुसती लाकडी फळी. मी पोचलो तेव्हा उजेड निळसर झाला होता. फळीवर एक म्हातारा काहीतरी तंतुवाद्य वाजवत होता, त्याच्याजवळ एक बाई संथ आवाजात गात होती, आणि शंभरेक माणसं गवतावर नाचत होती. नाचत होती म्हणण्यापेक्षा डुलत होती, जोंधळ्याचं शेत डुलावं तशी. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. गवतावरून धुक्याचा पातळ पदर सरकत होता आणि माणसं गुडघ्यांपासून वर तेवढीच दिसत होती. त्यांच्या मधोमध सासूबाई होत्या. रेनकोट कमरेला बांधलेला, डोळे मिटलेले. त्या झिम्मा खेळल्यासारखे हात हलवत होत्या, पण फार सावकाश, जणू समोर कुणीतरी आहे आणि त्या व्यक्तीच्या तळहातांना आपले तळहात लागायच्या आत मागं घ्यायचेत. गालांवरून पाणी वाहत होतं.

मी हाक मारली नाही. गाणं संपेपर्यंत कडेला उभा राहिलो. संपलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मी त्यांना दिसलो.

"आई! कुठं होतात तुम्ही? नाव पुकारलं तुमचं. ऐकू नाही आलं?"

"आलं की."

"मग?"

"दोन्ही वेळा आलं. निघालेही होते. पण म्हटलं, गाणं संपेस्तवर तरी तुला सापडू नये."

'तुला' म्हणाल्या त्या. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"सापडले की सांगावं लागतंय," त्या म्हणाल्या. "न्हाईतर न सांगता उद्या तुझ्या शेजारी गाडीत बसावं लागतंय. दोन्ही जमेना मला."

"काय सांगायचंय?"

त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार होते, पण पकड पक्की होती.

"ऋजुताला ऑफिसचं काम नाही. ती घर सोडून चाललीय. हॅम्बुर्गला नोकरी धरलीय तिनं. उद्या दुपारी सामान घेऊन निघणार. आपण संध्याकाळी पोचू तेव्हा ती घरात नसेल."

एकही वाक्य अर्धवट नव्हतं.

मी हसलो. खरंच हसलो. "आई, गवत ओलं झालंय बघा," मी म्हटलं. "चला, तिकडं मशरूमचं गरम सूप मिळतं, तुम्हाला..."

"बघ," त्या म्हणाल्या. "हसलास."

मग मी खाली बसलो. त्याही बसल्या. हात त्यांनी सोडला नाही.

"तिनं मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं म्हणती. लई वेळा. सांगायला लागलं की तू कुठं तरी घेऊन जातोस म्हणती. मी तिला म्हटलं, तुझं तू सांग बाई, मला यात घालू नको. तर म्हणाली, त्याला एकटा असताना कळायला नको, आई. तू बरोबर राहा. रविवारी परत येताना वाटेत सांग. शब्द घेतला माझ्याकडून."

"आज शनिवार आहे."

"होय. मोडला शब्द." त्यांनी नाक पुसलं. "दवाखान्यात असलं काही सांगायची वेळ आली की डॉक्टर मला पुढं करायचे. लीला सिस्टर सांगतील म्हणायचे. सांगायचे मी. बाप्ये अंगावर धावून यायचे, बाया पाय धरायच्या. पण ती सगळी परकी माणसं. एका ताटात जेवल्यावर कसं सांगायचं हे कुणी शिकवलं नाही बाबा मला."

"मग आजच का सांगितलंत?"

"रविवारी सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. आज सांगितलं तर अजून..."

वाक्य तिथंच राहिलं.

मी उठलो आणि किल्ली शोधायला लागलो. आत्ताच्या आत्ता निघायचं होतं मला. किल्ली हातातून गवतात पडली, उचलली तर पुन्हा पडली. सासूबाईंनी ती उचलली आणि आपल्या ओढणीत बांधून टाकली. "या हातांनी घाट उतरायचा नाही. उजाडू दे." आवाज वॉर्डातला होता. मी पुन्हा बसलो.

फळीवरच्या बाईनं दुसरं गाणं सुरू केलं. आकाशात एक-दोन चांदण्या उगवल्या होत्या, डोंगर काळे झाले होते आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. समोर माणसं डुलत होती. मला कुणी हसवायला नव्हतं आणि मला कुणाला हसवायचं नव्हतं. तेव्हा, त्या परक्या दरीत, दोन वर्षांनी मी माझ्या मुलासाठी रडलो. ऋजुतासाठी नाही, ते मागाहून आलं. आधी मूल. त्यांनी रेनकोट सोडून माझ्या खांद्यांवर टाकला.

उजाडताच निघालो. येतानाच्याच दऱ्या, तेच बोगदे. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, तिला थांबवायची. चांगली वाक्यं होती. एक तर इतकं चांगलं होतं की ते ऐकून ती थांबलीच असती असं मला वाटत होतं.

दुपार व्हायच्या आत पोचलो. दार उघडंच होतं. ऋजुता पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिनं मला पाहिलं, मग माझ्यामागे आपल्या आईला.

"आई!"

"मोडला शब्द," सासूबाई म्हणाल्या. "काय शिव्या द्यायच्या त्या मला दे, मागाहून." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं खोक्यांवर बसलो. घरात आवाज घुमत होता. माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

"बोल," मी म्हटलं.

ती बोलली. कितीतरी वेळ. आधी रागानं, मग राग ओसरला. त्या हिवाळ्यात ती खिडकीत बसून काय बघत होती ते तिनं सांगितलं. स्पेनच्या हॉटेलात मी आंघोळीला गेलो की ती काय करायची ते सांगितलं. मला कितीदा तरी उठावंसं वाटलं, पाणी आणावं, खिडकी उघडावी, काहीतरी गमतीचं म्हणावं. मी उठलो नाही.

"त्याचं नाव ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "तुला माहीतच नाही."

"काय?"

तिनं सांगितलं. ते नाव मी त्यानंतर कुणालाही सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही.

"थांब ना," मी म्हटलं. एकदाच म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिनं खरंच विचार केला. "आता नको, उन्मेष," ती म्हणाली. "हे दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर... आता नको."

थोड्या वेळानं तिची मैत्रीण मारिया भाड्याची व्हॅन घेऊन आली. खोकी जड होती, लिफ्ट नव्हती. मी ती एकेक करून खाली नेली. शेवटचं खोकं ठेवताना ऋजुतानं माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "बरं झालं आलास."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. ऋजुता हॅम्बुर्गलाच आहे, तिला एक मुलगी आहे, आम्ही एकमेकांना वाढदिवसाला फोन करतो आणि फोनवर नीट बोलतो. त्या दरीत मी पुन्हा गेलो नाही असं नाही. दोनदा गेलो, एकटा. अजूनही पोरं फोन करून विचारतात, काय काय घेऊ? मी बूट सांगतो, पाणी सांगतो, कानातले बोळे सांगतो. तेवढंच सांगतो.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. व्हॅनमध्ये पुढं तिघांची जागा होती. ऋजुता बसली आणि म्हणाली, "आई, चल ना. तुझी बॅग घेतलीय मी."

सासूबाई फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांनी व्हॅनच्या मागच्या दारातून आपली बॅग ओढून काढली, खाली ठेवली.

"तुम्ही व्हा पुढं," त्या लेकीला म्हणाल्या. "मी उद्या रेल्वेनं येते."

"अगं पण..."

"उद्या येते म्हटलं ना."

ऋजुतानं मान डोलावली आणि दार ओढून घेतलं. व्हॅन कोपऱ्यावरून वळली. आम्ही जिना चढून वर आलो. बैठकीच्या भिंतीवर पुस्तकांच्या कपाटाचा फिका चौकोन उमटला होता. संध्याकाळचं ऊन त्यावर येऊन पडलं होतं. मी त्याच्याकडे बघत नुसता उभा होतो.

स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा.

"उन्मेष," आतून त्यांनी हाक मारली, "भात किती जणांचा टाकू?"

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. त्या वाट बघत राहिल्या. पुन्हा विचारलं नाही.

"दोघांचा," मी म्हटलं.